पांढरी हलवताना

मराठी मुलखात गावच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी पिकते, पांढरीवर माणसे राहतात. पांढरी म्हणजे नुसते गावठाण नव्हे. ग्रामदैवत, वेशीवरचा मारुती, शिवेवरचा म्हसोबा यांच्या राखणीतली ती भूमी. त्यामुळे भूकंपाने पडलेले गाव दुसरीकडे वसवायचे ठरले की घरांच्या प्रश्नामागोमाग धर्माचाही प्रश्न येतो: पांढरी हलवता येते का?

30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेश विसर्जनाची रात्र सरताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. आठ ते दहा हजार माणसे गेली. बहुतेक जण स्वतःच्याच घराखाली गाडले गेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, त्यावर दरसाल चढत गेलेला मातीचा थर. लाकडी खांब पुष्कळ ठिकाणी तसेच उभे राहिले, ढासळल्या त्या भिंती.

अशा वेळी दैवी कोपाची भाषा लगेच तोंडी येते. 1934 च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. निसर्गातील घटनेला नीतीचे कारण चिकटवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. किल्लारीपुरते तरी रवींद्रनाथांचेच खरे. कोप म्हटला की भिंत कशी बांधली होती हे कोणी विचारत नाही, आणि पाळण्यातल्या पोराच्या माथी पाप येते.

देव हलवण्याची सोय शास्त्रात आहे. अचल मूर्ती एरवी हलवत नाहीत. पण जीर्णोद्धारात तिच्यातले देवत्व कलशात आवाहन करून घेतात आणि नंतर पुन्हा प्रतिष्ठा करतात. भंगलेली मूर्ती विसर्जित करतात. अडचण येते ती स्वयंभू तांदळ्याची. तो घडवलेला नसून त्या जागी प्रकटलेला मानतात, त्यामुळे त्याचे देवपण जागेला बांधलेले असते.

याहून अवघड ठरला शेजार. जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या पुनर्वसनात 52 गावे नव्याने वसवली गेली. घर 250, 450 की 750 चौरस फुटांचे, हे कुटुंबाच्या शेतजमिनीवरून ठरले. सरळ रस्ते आणि सुटे भूखंड आले; वाड्याभोवतीची भावकी विखुरली. पालखी कोणत्या आळीतून जाणार, पहिला मान कोणाचा, हे नव्या गावाला नव्याने ठरवावे लागते. अर्थात जुनी रचना पवित्र मानणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की तिच्यात दलितांची वस्ती वेशीबाहेर होती. पांढरीचे पावित्र्य मातीत असते तर तीही हलवता आली नसती आणि ही चूकही सुधारता आली नसती. ते माणसांच्या एकमेकांशी आणि देवाशी असलेल्या नात्यात आहे, म्हणून दोन्ही शक्य आहे.

मृतांचे मात्र स्थलांतर होत नाही. दरवर्षी 30 सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी त्यांना श्रद्धांजली वाहिली जाते.