जिवाणी

आपल्यात पाणी गाळतात ते फक्त तब्येतीसाठी नव्हे. गाळून झालं की फडकं उलटं धरून विसळायचं आणि त्यातली जिवाणी ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद सोडायची. पाण्यातल्या जिवाला त्याचं घर परत मिळावं म्हणून. (नळ आल्यापासून ती सोडायची कुठे, हा निराळाच प्रश्न!)

आमच्या वासोण्याजवळ, सिल्वासा भागात पॉलिएस्टर धाग्याचे कितीतरी कारखाने आहेत. असल्याच धाग्याच्या, न चुरगळणाऱ्या साड्या आपल्याला सोयीच्या. पण दर धुण्याला त्यांतून डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात. सांडपाण्यातून ते नदीत जातात, आणि दमणगंगेचं पाणी शेवटी दमणच्या समुद्राला मिळतं. मासे, शिंपले ते अन्नाबरोबर गिळतात. 2022 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांना माणसाच्या रक्तातही प्लास्टिकचे कण सापडले.

‘आपण काय मुद्दाम मारतो?’ असं कुणी म्हणेल. पण तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा धरलाय. मग गाळणं पिण्याच्या हंड्यावरच का? मोरीत जाणाऱ्या पाण्याला का नको? मशीनच्या नळीला बारीक जाळी लावता येते. सगळे नाही, तरी काही तंतू अडतात. आता त्या जाळीतला गाळ टाकायचा कुठे? ही जिवाणी तर कुठल्याच विहिरीत सोडता येत नाही.