तोच हा संगणक?

लिनक्सची जुनी आवृत्ती सोडून नवीकडे जाण्याचे मार्ग दोन. एकात चालू प्रणाली जागच्या जागी अपग्रेड होते. दुसऱ्यात डिस्क पुसून नवी प्रणाली कोरी बसवली जाते. अपग्रेडनंतर संगणक 'तोच' राहतो आणि कोऱ्या इन्स्टॉलनंतर 'नवा' होतो, असे सर्रास म्हटले जाते. हे म्हणणे फारसे टिकत नाही.

लिनक्सच्या डेबियन या वितरणाची ११ ही आवृत्ती २०२१ची, १२ ही २०२३ची आणि १३ ही २०२५ची. अपग्रेड करताना मधली पायरी गाळायची नसते. अशा दोन पायऱ्या चढेपर्यंत कर्नेल, लायब्रऱ्या, डेस्कटॉप सगळेच बदलून जाते. मूळचे उरते ते मुख्यतः इटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये कधीकाळी हाताने बदललेले काही. 'तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ?' असे अपग्रेड मध्येच विचारते आणि नुसते एंटर दाबले की जुनी फाइल राहते. 'मिलिंदपञ्ह' या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की चाक, आस, जू यांतला रथ कोणता? एकही नाही, रथ हे व्यवहारापुरते नाव. अपग्रेड झालेली प्रणालीही तशीच, नावापुरती जुनी.

कोरे इन्स्टॉल तरी कितपत कोरे असते? होमचे, म्हणजे वापरकर्त्याच्या फाइलींचे, विभाजन वेगळे असले तर बहुतेक जण ते न पुसता नव्या प्रणालीला जोडतात. त्यात ठिपक्याने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली असतात, आणि ज्या बिघाडाला कंटाळून डिस्क पुसली तो कधी कधी त्यांतूनच परत येतो. स्थूल देह पडला तरी सूक्ष्म शरीर संस्कार घेऊन पुढे जाते, असे वेदान्त मानतो. उपमा ताणायची नाही म्हटले तरी इथे ती आपोआप ताणली जाते. शिवाय फाइलीची मालकी नावावर नसते, आकड्यावर असते. डेबियनमध्ये पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो. नव्या प्रणालीत तोच माणूस दुसरा नोंदला गेला तर १००१ होतो आणि स्वतःच्याच फाइलींना परका ठरतो.

खरा पेच ओळखीचा आहे. 'काल पाहिलेला तोच हा' या प्रत्यभिज्ञेवरून नैयायिक स्थायी आत्मा सिद्ध करू पाहतात. बौद्धांचे उत्तर असे, की कापून पुन्हा वाढलेले केस आणि दिव्याची ज्योतही 'तीच' वाटते. ओळख पटते ती सारखेपणामुळे. एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षितपणे जोडण्याच्या सोयीने, जोडलेल्या दोन संगणकांत हा वाद रोज घडतो. अपग्रेडमध्ये जवळजवळ सगळे बदलूनही पलीकडचा संगणक निमूट ओळख देतो. कोऱ्या इन्स्टॉलनंतर मात्र यंत्र, नाव, पत्ता तोच असूनही तो ठळक चौकटीत बजावतो, की यजमानाची ओळख बदलली आहे, मध्ये कोणी चोरून ऐकत असेल.

ही ओळख ज्यांवरून पटते त्या इटीसीमधल्या एसएसएचच्या किल्ल्या पुसण्याआधी काढून ठेवल्या आणि नव्या प्रणालीत परत घातल्या, तर डिस्कसुद्धा नवी असली तरी ही चौकट येत नाही.