किनाऱ्यावरची कामकरी फुलं

श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांत माडाला पोय फुटते तेव्हा तिला फूल म्हणून कुणी पाहत नाही. खरं तर बघण्यासारखं तिथे पुष्कळ असतं. पोय उकलली की आतून फिकट पिवळा झुपका मोकळा होतो. त्याच्या फांद्यांवर दाटीने नरफुलं असतात आणि फांद्यांच्या बुडाशी मोजकी, गोल मादीफुलं. नरफुलं आधी उमलतात आणि दोन-तीन आठवडे झडत राहतात. बाणवली जातीत मादीफुलं तयार होईपर्यंत त्याच पोयीतला पराग बहुधा संपलेला असतो. तो मग दुसऱ्या माडावरून यावा लागतो, कधी वाऱ्यावर, कधी मधमाशीच्या अंगाला चिकटून. एकाच्या माडाला नारळ धरतो त्यात शेजारच्या वाडीचाही वाटा असतो.

फुलांविषयीची आपली समजूत देव्हारा आणि गजरा यांच्यापुरती आखडली आहे, असं मला वाटतं. जे हाताशी येतं, वास देतं, तेच फूल. केवड्याचंच बघा. गौरी-गणपतीत भाव खाणारं ते सुगंधी कणीस नरझाडाचं असतं. नर आणि मादी झाडं वेगळी, आणि ज्याला आपण पाकळी समजतो ते फुलांना वेढणारं पान. खरी फुलं आत, बारीक आणि पाकळ्यांविना. सणाला कणीस तोडण्यात वावगं काही नाही. पण केवड्याचं बन पुळणीच्या कडेला आधारमुळ्या रोवून वाळू धरून ठेवतं, हे काम आपल्या हिशेबात येतच नाही. कणीस विकत घेणारा माणूसच किनाऱ्यावर घर बांधताना ते काटेरी बन तोडून टाकतो.

मर्यादवेलीची गत याहून वाईट. आपट्यासारखी दुभंगलेली पानं, सकाळी उमलून दुपारनंतर मिटणारी जांभळट फुलं. पेराला पेराला मुळं धरत ती कोरड्या वाळूवर पसरते. तिच्या बिया खाऱ्या पाण्यावर तरंगत दुसऱ्या किनाऱ्याला लागतात आणि रुजतात. सुशोभीकरणाच्या कामात पहिला घाव तिच्यावर पडतो आणि त्या जागी फरसबंदी आणि बोगनवेलीच्या कुंड्या येतात. बोगनवेलीशी माझं वैर नाही. पण रंग दिसला की शोभा झाली, ही कल्पना मला मान्य नाही.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. एवढ्या वाऱ्याला वेल थोपवू शकत नाही, हे कबूल. पण वर्षानुवर्षं पुळण झिजत जाते, ती धरून ठेवणं वेलीला आणि केवड्याला जमतं. त्याच वर्षी महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. तिची फुलं रात्री उमलतात. वटवाघळं आणि पतंग त्यांच्यावर येतात, आणि सकाळी झाडाखालच्या चिखलात पांढऱ्या केसरांचा सडा पडलेला असतो. खाडीकाठच्या कितीजणांनी तो थांबून पाहिला असेल?

उंडीही अशीच मागे पडली. पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका, मंद गोड वास. तिच्या बियांच्या तेलावर कोकणात दिवे जळत आणि लाकूड होड्यांना लागे. तेलाची गरज सरली तसं झाडही कुणी मुद्दाम लावेना. किनारा सजवायचाच असेल तर आराखड्यात आधी मर्यादवेलीला हात न लावण्याची अट घालावी, केवड्याचं बन राखावं आणि कुंड्यांच्या खर्चात उंडीची रोपं करावीत. बी झाडाखालीच पडलेलं असतं.