घंटा नसलेल्या गावी

वसईच्या केळीच्या वाडीत तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली म्हणजे हातातले काम टाकून उभे राहायचे, रात्री घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून जपमाळ म्हणायची, आणि रविवारी कोणी मिस्सेला दिसला नाही तर शेजाऱ्यांनी ‘बरा आहे ना?’ म्हणून विचारपूस करायची, अशा बंदोबस्तात ज्याचे बालपण गेले, त्याला आपण देवावर विश्वास ठेवतो की गावाच्या रीतीवर, हा प्रश्न सहसा पडत नाही. मला तो तांबड्या समुद्राच्या काठी, सौदी अरेबियातल्या यान्बूला आल्यावर पडला.

यान्बू हे मदिनेचे जुने बंदर. एका अंगाला प्रवाळी दगडांची, कोरीव लाकडी सज्जांची पडकी घरे आणि दुसऱ्या अंगाला, १९७५ साली स्थापन झालेल्या शाही आयोगाने वाळवंटात आखून वसवलेली औद्योगिक नगरी, असे त्याचे दुहेरी रूप आहे. साऱ्या देशात एकही चर्च नाही. कॅथलिक धर्मव्यवस्थेच्या दफ्तरी हा मुलूख उत्तर अरबस्तान या विभागात मोडतो, आणि त्या विभागाचे मुख्य मंदिर, १० डिसेंबर २०२१ रोजी अभिषिक्त झालेले, द्वीपकल्पाच्या पार दुसऱ्या टोकाला बहारीनमध्ये आहे. आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे रविवार हा कामाचा वार, आणि नाताळ हा, शिफ्ट असेल तर, शिफ्टचा दिवस.

माझ्या शेजारच्या खोलीत पुण्याचे एक स्नेही राहतात; व्यवसायाने इंजिनिअर, वृत्तीने आगरकरांच्या परंपरेतले, आणि दाभोलकरांची पुस्तके सामानात घालून आलेले. त्यांचा पहिला आक्षेप असा, की धर्मश्रद्धा ही लहानपणी अंगी मुरलेली सवय आहे. समाजाचा धाक आणि समाजाची ऊब काढून घेतली की ती आपोआप गळून पडते. पुण्यात बसून या आक्षेपाला उत्तर देणे कठीण आहे, पण यान्बूत त्याची परीक्षा रोजच होते, कारण येथे धाक नाही, ऊब नाही, मिरवणूक नाही, आणि जपमाळ म्हटली काय की न म्हटली काय, त्याची नोंद घेणारे कोणी नाही. माझ्या पाहण्यातल्या काहींची श्रद्धा येथे खरोखरच गळाली, हे मी बिनतक्रार कबूल करतो; तेवढ्यापुरते माझे स्नेही बरोबर आहेत. परंतु काहींची गळाली नाही, उलट गावी असताना कधी नव्हती इतकी ती त्यांची स्वतःची झाली; आणि सवयीच्या सिद्धांतात या दुसऱ्या वर्गाची वासलात लावता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा होता. ‘अहो, विश्वाला कर्ता लागतो म्हणता, मग त्या कर्त्याला कर्ता कोण?’ हा प्रश्न विचारणारे बहुधा असे समजून चालतात, की कॅथलिक तत्त्वज्ञान काळाच्या साखळीत मागे मागे जाऊन पहिली कडी शोधते. वस्तुतः संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी स्पष्टच म्हटले होते, की विश्वाला आरंभ होता हे निव्वळ तर्काने सिद्ध करता येत नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता: जे असूही शकते आणि नसूही शकते, ते या क्षणी कशाच्या आधारावर आहे? हा प्रश्न त्यांना ज्या विचारवंतांकडून मिळाला त्यांत अरबीत ग्रंथ लिहिणारा इब्न सिना अग्रगण्य होता, हे अरबस्तानात बसून लिहिताना मला विशेष सुखावते. युक्तिवाद समजावण्यासाठी मी स्नेह्यांना आमच्या कारखान्यातलाच दाखला दिला. वाफेच्या नळीवरच्या मापकाचा काटा दाब दाखवतो; तो दाब नळीने आधीच्या नळीकडून घेतला, तिने तिच्या आधीच्या नळीकडून; आता नळ्यांची ही रांग तुम्ही पूर्वेच्या तेलक्षेत्रांपासून यान्बूपर्यंत येणाऱ्या तेलवाहिनीसारखी बाराशे किलोमीटरची करा, नाहीतर अनंत करा, नळीतून दाब उत्पन्न होत नाही तो नाहीच. कोठेतरी बॉयलर हवा. आणि बॉयलरला दाब कोणत्या नळीने पुरवला, असे कोणी विचारत नाही.

विश्वाच्या आरंभाच्या बाबतीत आमच्याकडच्या उत्साही मंडळींनाही सावध करावेसे वाटते. विश्व प्रसरण पावते आहे असे १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. पण १९५१ साली पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धांताचा सांधा सृष्टिनिर्मितीच्या श्रद्धेशी जुळवू पाहिला, तेव्हा ते स्वतः लमेत्र यांनाच रुचले नाही. विज्ञानाच्या खांद्यावर बसून देव दाखवू नये, कारण खांदा हलला की तो पडतो.

‘बॉयलर मान्य केला,’ स्नेही म्हणाले, ‘पण तो तुमच्या आईची जपमाळ ऐकतो, हे कशावरून?’ या युक्तिवादावरून ते निघत नाही, हे मी सांगितले. तेथे तर्काची हद्द संपते आणि साक्षीची सुरू होते. नोकरीचा दाखला, इकामा (येथे राहण्याचा परवाना), जन्माची तारीख, आपण आयुष्यातले निम्मे व्यवहार दुसऱ्याच्या साक्षीवरच करतो. प्रश्न साक्षीदार कितपत विश्वासार्ह, एवढाच उरतो. आमच्या वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर चढवले गेले. त्यावरून त्यांची श्रद्धा सत्य ठरत नाही, ती प्रामाणिक होती इतकेच ठरते. पण साक्षीदाराच्या प्रामाणिकपणाला कोणत्याही न्यायालयात काही किंमत असते.

नीतीच्या प्रश्नावर मात्र आमचे खरे बिनसले. चर्च शयनगृहात नाक खुपसते, असे त्यांचे म्हणणे; आणि १९६८ च्या ‘हुमाने विते’ या परिपत्राने कृत्रिम संततिनियमनाला दिलेला नकार अनेक कॅथलिक दांपत्यांनाही जड जातो, हे मी जाणतो. धर्मगुरूंनी बालकांवर केलेले अत्याचार आणि ते दडपणारे वरिष्ठ यांचा विषय निघाला, तेव्हा मी बचाव केला नाही. त्याला बचाव नाही. पण मी त्यांना १८९१ चे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्र वाचायला सांगितले. त्यात पोप तेरावे लिओ म्हणतात, की मजुराने करारनाम्यावर खुशीने सही केली एवढ्याने वेतन न्याय्य ठरत नाही. काटकसरीने जगणाऱ्या मजुराचे त्यात भागले पाहिजे. कफीलाच्या, म्हणजे जामीन राहणाऱ्या मालकाच्या, जामिनावर आणि इकाम्याच्या मुदतीवर ज्यांचे सारे जिणे टांगलेले असते, त्या लेबर कॅम्पातल्या माणसांत राहून हे वाक्य वाचले म्हणजे त्याचे वजन कळते. माणूस हा कोणाच्याही सोयीचे साधन नाही: हेच सूत्र मजुराला लावले की माझे स्नेही टाळ्या देतात, आणि गर्भाला किंवा मरणोन्मुखाला लावले की त्यांना ते बुरसटलेले वाटते. सूत्र एकच आहे. अर्धे घेऊन अर्धे टाकण्याची मुभा कोठून आली, याची कैफियत खरे तर त्यांनी द्यायला हवी.

गेल्या उन्हाळ्यात स्नेह्यांना पुण्याहून फोन आला. त्यांचे वडील अतिदक्षता विभागात, कृत्रिम श्वासावर. डॉक्टर म्हणत होते, आता निर्णय घ्या. रात्री दोन वाजता ते माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘तुमचे चर्च तर शेवटपर्यंत यंत्र चालू ठेवा म्हणेल.’ मी म्हटले, नाही. नोव्हेंबर १९५७ मध्ये बाराव्या पायसांनी भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे याच प्रश्नाचे उत्तर दिले होते: असाधारण उपायांची सक्ती नाही. मरण ओढवून आणायचे नाही, पण ते येत असता त्याची वाट अडवून ठेवण्याचेही बंधन नाही. तोंडात पाणी घालायचे, कूस बदलायची, हात धरून बसायचे, हे मात्र सोडायचे नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘हात धरून बसायला मी वेळेत पोचेन का?’

व्हिसाची कागदपत्रे सकाळी झाली, आणि ते पोचले. तीन आठवड्यांनी परतले तेव्हा बहिणीने दिलेला चिवड्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, ‘बॉयलरचा मुद्दा मला अजून पटलेला नाही.’ आमची दोघांचीही शिफ्ट सहाला होती, म्हणून तो विषय बसमध्ये पुढे चालू केला.