चौथीनंतर

डॉक्टरांनी विचारलं, "आईंचं शिक्षण किती?"

"चौथी."

"आणि त्यांच्या आईवडिलांचं?"

हा प्रश्न मला अनपेक्षित होता. आजोबा मोडी वाचत, दुकानाचा जमाखर्च लिहीत. आजी अंगठा उठवायची. डॉक्टरांनी तेवढं टिपून घेतलं आणि ते पुढच्या तपासणीकडे वळले. मी मात्र त्या अंगठ्यापाशीच थांबलो.

म्हैसूरला हा शोध नवा नाही. मंडी मोहल्ल्यातल्या होल्ड्सवर्थ रुग्णालयात 1934 पासून जन्मलेल्या बाळांचं वजन, लांबी, डोक्याचा घेर नोंदवून ठेवलेला आहे. पुढे त्याच बाळांना उतारवयात गाठून संशोधकांनी त्यांचं हृदय, साखर आणि स्मरणशक्ती तपासली. म्हातारपणाची मुळं पाळण्यात शोधायची, असा हा विचार.

भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज आहे. 'लॅन्सेट' आयोगाने 2024 मध्ये टाळता येण्याजोगी 14 कारणं सांगितली, त्यांत अपुरं शिक्षण आहे. शिकलेल्या मेंदूची जणू गंगाजळी साठते. आजार त्यालाही होतो, पण तो जास्त काळ निभावून नेतो. आईबापांच्या शिक्षणाचा लाभ बराचसा मुलांच्या शिक्षणातूनच पुढे पोचतो. अर्थात शक्यता म्हणजे विधिलिखित नव्हे. हैदराबादच्या 2013 च्या एका अभ्यासात दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा गाठत होता, निरक्षरांनाही. आई आयुष्यभर घरात मराठी आणि देवराज मार्केटात कन्नड बोलली. शाळेने दिलं नाही ते थोडंफार तिला भाजीवाल्यांनी दिलं असेल.

तरीही राग येतो. आजोबांनी चौथीनंतर आईला घरी बसवलं, कारण धाकटी भावंडं सांभाळायला कुणी हवं होतं. पण दोष एकट्या त्यांचा म्हणू? गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यातही सक्ती आधी मुलग्यांना होती, मुलींची पाळी नंतर. आणि तेवढंही 1912 मध्ये फेटाळलं गेलं. जिथे सगळ्यांचा थोडाथोडा हात असतो, तिथे गुन्हेगार सापडत नाही. भरपाई मात्र एकाच बाईला करावी लागते.

मी इथवर विचार करून स्वतःला न्यायी समजत होतो. मग आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "मुलगी नववीत आहे. तिला शाळेतून काढते. दिवसभर अम्मांजवळ बसेल."

मी लगेच नाही म्हणालो नाही. दोन दिवस हिशेब केला. मुलगी ओळखीची, आईला तिचा लळा, पगारही परवडणारा. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की आजोबांनी हाच हिशेब केला होता. त्यात दुष्टपणा नव्हता, फक्त सोय होती.

आता मी दुपारनंतरचं काम सोडलं आहे. बाईंचा पगार वाढवला, कारण नुसतं "शिकवा" म्हणणं फुकट असतं. मुलगी संध्याकाळी येते, आईशेजारी बसून धडा मोठ्याने वाचते. आई तिला रोज नवं नाव विचारते, आणि ती रोज न कंटाळता आपलं नाव सांगते.