आजचं चिंतन : घाटात फॅनच लागतो (गीता, अध्याय २, श्लोक ६२-६३)



गेल्या शुक्रवारी ऑफिसच्या कॉलवर मी ज्युनिअरवर ओरडलो. चूक अगदी किरकोळ होती. रविवारी कोल्हापूरला गेलो, तर काकांचा ट्रक शिरोलीत मिस्त्रींकडे उभा. आंबा घाट चढताना टेंपरेचरचा काटा लालवर गेला होता.

मिस्त्री म्हणाले, "हायवेला समोरनं वारं लागतंय, काय कळत न्हाई. घाटात गाडी हळू, लोड जास्त; तिथं फॅनच पायजे." फॅनचा बेल्ट ढिला होता, एअर फिल्टर धुळीनं गच्च. त्यांनी आतून बाहेर हलकी हवा मारून फिल्टर साफ केला. बाहेरून मारली, तर धूळ आणखी आत रुतते.

या दोन श्लोकांत भगवंत हीच साखळी दाखवतात : विषयांचं चिंतन, आसक्ती, काम, मग क्रोध, पुढे मोह, स्मृतिभ्रंश आणि बुद्धिनाश. क्रोध चौथा आहे बघा! काटा लाल होतो, तेव्हा सुरुवात कधीच झालेली असते.

माझी सुरुवात? रात्री २ पर्यंत रील्स, दुसऱ्याच्या प्रमोशनशी तुलना. ही आत घेतलेली धूळ. पंधरा दिवस चुकलेलं नामस्मरण हा ढिला बेल्ट. नामाशिवायही छान चाललंय असं वाटत होतं; तो नुसता समोरचा वारा होता.

काल ज्युनिअरची माफी मागितली. आज झोपण्याआधी एवढंच करूया : दिवसभरात आत काय घेतलं ते तपासायचं, आणि १० मिनिटं नाम. घाट लागायच्या आधी.