क्रॅन्मरचा उजवा हात

धर्मसुधारकांचे स्मरण करताना १५२१ साली वर्म्स येथे सम्राटासमोर निर्भयपणे उभा राहिलेला ल्यूथर आपल्याला सहज आठवतो. टॉमस क्रॅन्मर त्या घडणीचा नव्हता. तो विद्वान होता, सौम्य होता. आणि स्पष्टच सांगावयाचे तर भित्रा होता. कँटरबरीचा आर्चबिशप असूनही राजा आठवा हेन्री याच्या धाकाने त्याने आपली विवाहित पत्नी जगापासून लपवून ठेवली.

अशा माणसाच्या हातून देवाने १५४९ साली इंग्लंडला लोकभाषेतील प्रार्थनापुस्तक दिले. त्याच परंपरेतील उपासनाक्रम पुढे मराठीत आला व आपल्याकडील अँग्लिकन मंडळ्यांच्या मुखी बसला. पण १५५० साली जोन बोखर या स्त्रीला पाखंडी ठरवून जाळण्यात आले, तेव्हा तिला दोषी ठरवणाऱ्यांत क्रॅन्मर होता. थोरांची चरित्रे सांगताना अशी पाने गाळण्याची आपल्याला सवय आहे. ती बरी नव्हे.

१५५३ साली मेरी राणी गादीवर आली आणि क्रॅन्मर बंदिवान झाला. १६ ऑक्टोबर १५५५ रोजी ऑक्सफर्ड येथे लॅटिमर व रिडली या त्याच्या सोबत्यांना जाळण्यात आले; ते दृश्य त्याला पाहावयास लावले. मग त्याचा धीर सुटला. आपल्या शिकवणीचा त्याग करणाऱ्या एकामागून एक सहा लेखांवर त्याने सह्या केल्या. तरीही देहदंड टळला नाही.

२१ मार्च १५५६. सेंट मेरी चर्चमध्ये तो लेख जाहीरपणे कबूल करणे एवढेच उरले होते. क्रॅन्मरने मात्र सांगितले की, आपण मरणाच्या भयाने मनाविरुद्ध लिहिले. म्हणून ज्या हाताने ते लिहिले तोच आधी जळेल. लोकांनी त्याला ओढत नेले. ज्वाळा उठताच त्याने उजवा हात त्यांत धरला.

मरण अटळच होते, मग यात शौर्य कसले, असे कोणी म्हणतात. मला ते पटत नाही. असत्याला चिकटून मरणेही त्याला शक्य होते.

सह्या आपणही करतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलित बांधवाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. म्हणून कित्येक जण रविवारी उपासनेला येतात आणि दाखल्यावर दुसराच धर्म लिहितात. हा कायदा अन्यायाचा आहे, हे आपण मोठ्याने म्हटले पाहिजे. पण त्या बांधवाच्या मनाला रात्री काय बोचते, हे त्याला आपल्यापैकी किती जणांनी जवळ बसून विचारले आहे? पेत्राने शेकोटीपाशी प्रभूला नाकारले होते. पुढे तिबिर्या समुद्राच्या काठी प्रभूने निखारे पेटवले, न्याहारी तयार ठेवली आणि त्याला जेवावयास बोलावले.